कूलंट हळूहळू कमी होते आहे : घरच्या घरी काय तपासावे?

चौकस

नमस्कार. माझी पेट्रोल गाडी बरीच जुनी आहे, पण तिची देखभाल वेळच्या वेळी होत आली आहे. गेल्या काही महिन्यांपासून कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीतली पातळी हळूहळू उतरताना दिसते. गाडी उभी असते त्या जागी एकही थेंब नाही, तापमानाचा काटा नेहमीप्रमाणे मध्यावर असतो आणि चालवताना काहीही वेगळे जाणवत नाही. पातळी खालच्या रेषेशी आली की वरून भर घालून ती पुन्हा जागेवर आणतो.

मला साधी अवजारे हाताळता येतात. रेडिएटर, होज पाईप, झाकण, थर्मोस्टॅट, पंखा यांपैकी कशाची देखभाल घरी सुरक्षितपणे करता येते आणि कुठे थांबून गाडी मेकॅनिककडे न्यावी, हे अनुभवी मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. केवळ भर घालत राहणे पुरेसे आहे का, हाही प्रश्न आहेच.

रानवाट

काटा मध्यावर आहे तोवर काळजीचे कारण दिसत नाही. उष्णतेने थोडे कूलंट उडून जातच असणार. भर घालत राहावे आणि निश्चिंत असावे.

यंत्रवेडा

रानवाट यांच्याशी मी असहमत आहे, आणि दोन्ही मुद्द्यांवर.

पहिला मुद्दा उडून जाण्याचा. आजच्या गाड्यांतली शीतकरण यंत्रणा बंदिस्त असते. गरम झाल्यावर कूलंट प्रसरण पावते, टाकीतली पातळी वर चढते आणि इंजिन थंड झाले की पुन्हा मूळ जागी येते. म्हणून पातळी नेहमी थंड इंजिनावर, गाडी सपाट जागी उभी असताना पाहावी. अशा पद्धतीने पाहूनही ती महिन्या-महिन्याला उतरत असेल, तर कूलंट कुठून तरी बाहेर पडते आहे किंवा इंजिनात जळते आहे. भर घालणे ही देखभाल नव्हे. त्याने दोष झाकला जातो एवढेच.

दुसरा मुद्दा काट्याचा. अनेक गाड्यांमध्ये हा काटा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. कूलंटचे तापमान साधारण ७५ पासून १०५ अंश सेल्सियसपर्यंत कुठेही असले तरी तो मध्यावरच राहतो, आणि हलू लागतो तेव्हा परिस्थिती बरीच पुढे गेलेली असते. शिवाय तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरे सांगतो. कूलंट इतके कमी झाले की सेन्सर हवेत उघडा पडला, तर इंजिन जळत असतानाही काटा खाली उतरू शकतो. गाडीतील दोष-निदानाच्या जोडणीला (ओबीडी पोर्ट) लावायचे छोटे ब्लूटूथ उपकरण मिळते, त्याने फोनवर तापमानाचा खरा आकडा दिसतो. चौकस, हे उपकरण तुम्ही जरूर घ्यावे असे मला वाटते.

ओवी

आमच्याकडे पाणी कधीच गोठत नाही. अशा हवामानात कूलंटवर खर्च करण्यापेक्षा स्वच्छ पाणी घातले तर काय बिघडते? पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेते, हे तर भौतिकशास्त्रच सांगते.

गणितप्रेमी

ओवी, तुमचे विधान खरे आहे. इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधला मुख्य घटक) आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वजनाला वजन धरले तर शुद्ध पाण्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी उष्णता सामावते. पण उकळण्याचा हिशेबही पाहावा लागतो.

रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखे काम करते : आतला दाब ठरावीक मर्यादेपर्यंत वाढू देते आणि त्यापुढे सोडते. बहुतेक गाड्यांमध्ये ही मर्यादा वातावरणाच्या दाबाच्या वर १ बारच्या आसपास असते. तेवढ्या दाबाखाली शुद्ध पाणी सुमारे १२० अंशांना उकळते, तर निम्मे-निम्मे मिश्रण १२८ अंशांच्या आसपास. आता झाकणाचे रबर कडक झाले आणि दाब टिकेनासा झाला, तर पाणी १०० अंशांनाच उकळू लागेल. मिश्रण मात्र १०७ अंशांपर्यंत तग धरेल. इंजिनाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या भोवतीचा धातू कूलंटपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. उकळून वाफेचे बुडबुडे प्रथम तिथेच तयार होतात आणि वाफ द्रवासारखी उष्णता उचलत नाही. म्हणून उष्ण हवामानात हा फरक अधिक महत्त्वाचा ठरतो.

निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत उतरतो, हा फायदा थंड प्रदेशातल्यांसाठी. तरीही 'जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण' असे कोणी समजू नये. निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहते. प्रमाण ५० टक्के ठेवावे. अतिशीत प्रदेशातसुद्धा ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ नये.

धातुशोधक

गणितप्रेमींनी उकळण्याचा हिशेब मांडला, पण माझ्या मते कूलंटचे सर्वांत मोठे काम गंज रोखण्याचे आहे. शीतकरण यंत्रणेत अ‍ॅल्युमिनियम, ओतीव लोखंड, पोलाद, जुन्या गाड्यांत तांबे-पितळ आणि सोल्डर असे निरनिराळे धातू एकाच द्रवात बुडालेले असतात. विद्युतरासायनिक क्रियेसाठी याहून अनुकूल परिस्थिती शोधून सापडणार नाही. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये या धातूंवर संरक्षक थर धरतात. साध्या पाण्यात ती नसतात, आणि नळाच्या किंवा विहिरीच्या कठीण पाण्यात तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, जे नेमके सर्वांत गरम जागी साका होऊन चिकटतात. रेडिएटरच्या नळ्या अरुंद असतात. साका धरला की त्या हळूहळू बुजत जातात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मिश्रण करताना डिस्टिल्ड किंवा क्षारमुक्त केलेले पाणीच वापरावे, हे त्यासाठीच.

ही गंजरोधक द्रव्ये कालांतराने खर्ची पडतात. कूलंट स्वच्छ आणि रंगीत दिसते म्हणून ते चांगले आहे असे नाही. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटयुक्त कूलंटचे आयुष्य सर्वसाधारणपणे दोन-तीन वर्षे आणि सेंद्रिय आम्लांवर आधारित कूलंटचे पाच वर्षांच्या आसपास धरतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम मानावा. घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी आणि लाल वायरचे टोक, कुठल्याही धातूला न टेकवता, थंड इंजिनाच्या रेडिएटरमधल्या कूलंटमध्ये बुडवावे. सुमारे ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये संपत आली आहेत किंवा कुठेतरी अर्थिंग बिघडले आहे असे समजावे.

ओवी

धन्यवाद, धातुशोधक. गंजाचा मुद्दा मी विचारातच घेतला नव्हता. आता आणखी एक शंका : हिरवे कूलंट असेल तर हिरवेच आणि गुलाबी असेल तर गुलाबीच घालायचे, एवढे पाळले म्हणजे पुरे ना?

धातुशोधक

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. रंग हा केवळ मिसळलेला रंग असतो, त्याला सर्वमान्य असा मापदंड नाही. एकाच रंगाची दोन कूलंट रासायनिकदृष्ट्या पूर्ण वेगळी असू शकतात आणि वेगळ्या रंगाची दोन एकाच प्रकारची. न जुळणारी मिसळली तर गंजरोधक द्रव्ये एकमेकांना निकामी करतात आणि काही वेळा लगद्यासारखा साका तयार होऊन हीटरच्या बारीक नळ्या बुजतात. डब्यावरचा रंग पाहू नये. पुस्तिकेत दिलेला विनिर्देश डब्यावर लिहिलेला आहे का ते पाहावे. आधीचे कूलंट कोणते आहे हे माहीत नसेल, तर भर घालण्यापेक्षा सगळे काढून धुऊन नवे भरणे श्रेयस्कर.

शमी

मूळ प्रश्नाकडे येते. चौकस, थेंब दिसत नाही याचा अर्थ गळती नाही असा होत नाही. कूलंट गरम धातूवर गळले तर पाणी उडून जाते आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा राहतो. तोच शोधायचा असतो. इंजिन पूर्ण थंड असताना चांगला टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन सावकाश पाहावे.

सुरुवात होज पाईपच्या टोकांपासून करावी, जिथे क्लिपा आवळलेल्या असतात. रबर बोटांनी दाबून पाहावे. ते लवचीक लागायला हवे. दाबल्यावर चरचर आवाज येत असेल, फुगवटा असेल किंवा टोकाशी ते फारच मऊ लागत असेल, तर पाईप बदलायला झाला आहे. हे रबर बाहेरून चांगले दिसत असतानाही आतून, विशेषतः टोकांशी, चिरत जाते. म्हणून केवळ नजरेवर विसंबू नये. त्यानंतर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी अ‍ॅल्युमिनियमच्या गाभ्याला जिथे दुमडून बसवलेली असते, तो सांधा पाहावा. पुढे वॉटर पंप. पंपाच्या खालच्या अंगाला एक लहानसे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता त्या छिद्रातून बाहेर पडते. तिथे पापुद्र्याची ओघळ दिसली तर पंपाचे आयुष्य संपत आले आहे.

गाडीच्या आत पुढच्या प्रवाशाच्या पायाशी गालिचा ओलसर लागतो का आणि काचेवर आतून तेलकट, गोडसर वासाचे धुके धरते का, हेही पाहावे. तसे असेल तर हीटरचा गाभा गळतो आहे.

निशिगंध

शमी यांनी बाहेरच्या गळतीचे सांगितले. आतल्या गळतीची लक्षणेही चौकस यांना माहीत असावीत. हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधली सीलची पट्टी) गेली की कूलंट सिलिंडरमध्ये किंवा तेलात जाते. गरम इंजिनातूनही सायलेन्सरमधून दाट पांढरी, गोडसर वासाची वाफ येत राहणे, तेल दुधाळ होणे, आणि इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येणे ही त्याची चिन्हे. थंड सकाळी सुरुवातीला येणारी पातळ वाफ मात्र स्वाभाविक असते, तिने घाबरू नये. शंका असेल तर निळ्या द्रवाची एक परीक्षा असते : टाकीतली हवा त्या द्रवातून ओढतात आणि ज्वलनातले वायू असतील तर निळा रंग पिवळा होतो. गॅस्केटचे काम मात्र घरी करण्याचे नाही.

चक्रधर

गाडी तापण्यावर माझ्या ओळखीतल्या अनेकांनी केलेला सोपा उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. अडथळाच नाहीसा झाला की कूलंट मोकळे फिरते. उष्ण हवामानात त्याची गरजच काय?

यंत्रवेडा

चक्रधर, हा सल्ला कृपया कोणी अमलात आणू नये. थर्मोस्टॅट म्हणजे अडथळा नव्हे. त्यातले मेण ठरलेल्या तापमानाला, बहुधा ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, वितळून प्रसरण पावते आणि झडप उघडते. तोवर कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते आणि इंजिन लवकर गरम होते. तो काढला की इंजिन दीर्घकाळ थंड चालते, इंजिनाचा संगणक जास्त पेट्रोल सोडतो, न जळलेले इंधन तेलात मिसळते आणि सिलिंडरची झीज वाढते. अनेक गाड्यांत 'पी ०१२८' हा दोषसंकेत उमटतो, तो नेमका कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नसल्याचा.

आणखी महत्त्वाचे म्हणजे अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पलीकडची बायपास वाट बंद करतो. तो काढला तर ती वाट कायम उघडी राहते, गरम कूलंटचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात येतो आणि चढावर गाडी अधिकच तापू शकते. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो तपासावा. पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोरीने अधांतरी टांगावा, सोबत तापमापक ठेवावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडू लागला आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पुरता उघडला तर चांगला आहे. नाहीतर नवा बसवावा. तो काही महागडा भाग नाही.

चक्रधर

बायपासचा मुद्दा मला ठाऊक नव्हता. आमच्याकडच्या जुन्या इंजिनांत बहुधा तशी रचना नसावी, म्हणून तो उपाय चालून गेला असेल. नव्या गाड्यांसाठी मी माझे मत मागे घेतो.

गणितप्रेमी

गाडी नेमकी कधी तापते, यावरून दोष बराच जवळ येतो. रहदारीत उभी असताना तापते आणि वेगात निघाल्यावर पुन्हा निवळते, तर पंखा, त्याची रिले किंवा फ्यूज पाहावा. अनेक गाड्यांत एसी लावताच पंखा सुरू होतो. तेवढ्याने पंख्याची मोटर चालते की नाही हे कळते. उलट शहरात ठीक आणि महामार्गावर किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर आतून बुजलेला आहे, बाहेरून धुळीने भरलेला आहे किंवा पंप पुरेसा प्रवाह देत नाही. आणि रेडिएटरला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे, कारण विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

शमी

बाहेरून साफसफाईबद्दल थोडे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांच्या मधल्या फटीत किडे, पाने आणि धूळ यांचा जाड थर साचतो. पुढून पाहिले तर सगळे स्वच्छ दिसते. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, साध्या बागेच्या पाईपने, हलक्या धारेने सोडावे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या पातळ पापण्या आडव्या होतात आणि हवेची वाटच बंद होते.

सांजवेळ

एक सूचना, जी कोणीच अजून दिलेली नाही. गरम इंजिनाचे झाकण कधीही, कोणत्याही घाईत उघडू नये. आतला द्रव दाबाखाली असल्यामुळेच उकळत नाही; झाकण सैल होताच दाब जातो, द्रव क्षणात उकळतो आणि वाफेसह चेहऱ्यावर व हातांवर उसळतो. वरचा होज पाईप हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबावे, मग जाड कापड टाकून आधी थोडेसेच फिरवावे.

दुसरे असे की इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. कुत्री-मांजरी सांडलेले चाटतात आणि अगदी थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. मुलांनाही तितकाच धोका आहे. काढलेले कूलंट उघड्या भांड्यात क्षणभरही सोडून जाऊ नये आणि पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर मुळीच ठेवू नये. पोटात गेल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालय किंवा पशुवैद्यक गाठावा, कारण उपचार पहिल्या काही तासांतच खरा उपयोगी पडतो.

रानवाट

सांजवेळ यांचे मनापासून आभार. आमच्या घरी मांजर आहे आणि गॅरेजमध्ये तिचा मुक्त वावर असतो.

प्रवासात गाडी तापलीच तर काय करावे, हेही कोणी सांगावे.

यंत्रवेडा

एसी बंद करावा आणि हीटर पूर्ण क्षमतेने, पंख्याच्या कमाल वेगावर लावावा. हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची उष्णता आत ओढतो. सुरक्षित जागा मिळताच थांबावे. काटा लाल भागात असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन तत्काळ बंद करावे, आणखी एक वळण, आणखी एक पूल असे करू नये. हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल तर अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्या ओढाताणीत गॅस्केट फाटते आणि हेड वाकते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास ओतीव धातूला तडा जाऊ शकतो. थंड होईपर्यंत थांबण्याला पर्याय नाही.

निशिगंध

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये टाकायची पावडर किंवा द्रव मिळतो, त्याबद्दल मंडळींचे काय मत आहे?

धातुशोधक

निर्जन रस्त्यावर अडकल्यास घरी पोहोचण्यापुरता ठीक. कायमचा उपाय म्हणून नको. जो पदार्थ भोक बुजवतो, तो हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवतो.

चौकस

सर्वांच्या प्रतिसादांसाठी आभारी आहे. शमी यांनी सांगितल्याप्रमाणे आरसा आणि टॉर्च घेऊन सगळे पाहिले. होज पाईप लवचीक आहेत, रेडिएटरचे सांधे कोरडे आहेत, तेल स्वच्छ आहे आणि टाकीत बुडबुडे नाहीत. मात्र वॉटर पंपाच्या खाली, ब्लॉकवर, फिकट गुलाबी वाळलेली ओघळ स्पष्ट दिसते. पट्टा काढून पंपाची पुली हाताने हलवली तर किंचित खेळही जाणवतो.

आता दोन शंका आहेत. पंप मी स्वतः बदलावा का? आणि कूलंट नव्याने भरताना हवा आत अडकू नये यासाठी काय करतात?

शमी

गळती सापडली हे फार चांगले झाले. तुमच्या इंजिनात पंप बाहेरच्या पट्ट्यावर आहे असे दिसते, त्यामुळे काम अवघड असले तरी तुमच्या आवाक्यातले आहे. नवी गॅस्केट, पृष्ठभाग खरवडताना अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा न येऊ देणे, आणि बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) पुस्तिकेतल्या आकड्याइतकेच आवळणे, या तीन गोष्टींत तडजोड नको. ज्यांचा पंप टायमिंग बेल्टवर (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) चालतो त्यांनी मात्र हे काम मेकॅनिककडेच द्यावे आणि बेल्ट व पंप एकाच वेळी बदलून घ्यावेत. बेल्टचा एक दात जरी चुकला तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

गणितप्रेमी

भरण्याचा हिशेब आधीच करून ठेवावा. समजा यंत्रणेत ६ लिटर मावते आणि ड्रेन प्लगमधून ३.५ लिटरच निघते, उरलेले २.५ लिटर ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहते. तुम्ही डिस्टिल्ड पाण्याने धुतले असेल तर ते २.५ लिटर निव्वळ पाणीच आहे. त्यावर तयार निम्मे-निम्मे मिश्रण ओतले तर अंतिम प्रमाण ३० टक्क्यांच्या खाली जाईल. त्याऐवजी ३ लिटर अमिश्रित कूलंट आणि अर्धा लिटर पाणी घालावे, म्हणजे बरोबर निम्मे-निम्मे होते. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणातले ग्लायकॉलचे प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणाने) खात्री करावी.

यंत्रवेडा

हवा काढण्यासाठी गाडीचा पुढचा भाग थोडा उंच ठेवावा, हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी आणि कूलंट अगदी सावकाश ओतावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांविना सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. मग इंजिन मंद गतीवर चालवावे, थर्मोस्टॅट उघडून खालचा होज पाईप गरम लागेपर्यंत. हीटरमधून सतत गरम हवा येत असेल तर आत हवा अडकलेली नाही. मध्येच थंड झोत आला तर अजून आहे. गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी पातळी पाहून भर घालावी. पुढचे काही दिवस ती रोज पाहावी, कारण उरलेली हवा निघाली की पातळी एकदा थोडी उतरतेच. झाकणही यानिमित्ताने नवे घ्यावे, पण जुन्यावर छापलेल्या दाबाचेच.

चौकस

समजले. पंप, गॅस्केट आणि झाकण मागवले आहे. काढलेल्या जुन्या कूलंटचे काय करावे?

सांजवेळ

झाकणबंद कॅनमध्ये भरून त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष, जुने कूलंट' असे लिहावे आणि घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात किंवा जुने तेल-कूलंट गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे. गटारात, मातीत किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नये. वापरलेल्या कूलंटमध्ये ग्लायकॉलखेरीज इंजिनातून सुटलेले जड धातूही असतात. जमिनीवर सांडलेले भुशाने किंवा वाळूने टिपून घ्यावे, तो भुसाही पिशवीत बांधून त्याच कॅनबरोबर द्यावा आणि जागा भरपूर पाण्याने धुण्याआधी मांजर आत नाही ना, हे पाहावे.